न्यायासन आणि भाषा : अमेरिकेच्या राज्य न्यायालयांतील स्त्रिया व स्पॅनिशभाषक

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील न्यायव्यवस्था दुपदरी आहे. संघाची न्यायालये निराळी आणि पन्नास घटक राज्यांची आपापली न्यायालये निराळी. खून-चोरीपासून घटस्फोट, वारसा आणि घरभाडे यांपर्यंत सामान्य माणसाच्या आयुष्याला भिडणारे बहुतेक सर्व खटले राज्य न्यायालयांत चालतात. वकिलीची सनद देण्याचा अधिकारही राज्याचाच असतो. त्यामुळे या क्षेत्रात स्त्रियांचा आणि स्पॅनिशभाषक समाजाचा प्रवेश कसा झाला हे पाहावयाचे असल्यास वॉशिंग्टनकडे पाहून फारसे हाती लागत नाही. आयोवा, कॅलिफोर्निया, टेक्सास, न्यू मेक्सिको अशा राज्यांचे कायदे व निकालपत्रे उलगडावी लागतात.

हा इतिहास सामान्यतः सामाजिक चळवळींच्या इतिहासाचे एक प्रकरण म्हणून सांगितला जातो, आणि ते योग्यच आहे. तथापि भाषेच्या अभ्यासकाला त्यात आणखी एक सूत्र दिसल्यावाचून राहत नाही. स्त्रियांना अडविणारा अडसर बहुधा कायद्याच्या शब्दांत होता : एखादे पुल्लिंगी सर्वनाम, एखादे विशेषण. तो शब्द खोडला की दार निदान कागदोपत्री उघडत असे. स्पॅनिशभाषकांना अडविणारा असा शब्द बहुतेक ठिकाणी लिहिलेलाच नव्हता. म्हणून तो खोडताही येत नव्हता. दोन्ही अडसर ज्यांच्या वाट्याला आले त्या स्पॅनिशभाषक समाजातील स्त्रिया राज्यांच्या सर्वोच्च न्यायासनांवर सर्वांत उशिरा पोहोचल्या, याचे एक कारण या भेदात आहे.

प्रथम सर्वनामाचा प्रश्न घेऊ. 1869 मध्ये आयोवा राज्यात अराबेला मॅन्सफील्ड यांनी सनदेसाठी अर्ज केला. त्या राज्याच्या कायद्यात सनद कोणास द्यावी हे सांगताना ‘गोरा पुरुष’ असे स्पष्ट शब्द होते. परंतु पुल्लिंगी शब्दांत स्त्रियांचाही समावेश करता येईल, असा अर्थनिर्णयाचा एक सर्वसाधारण नियमही त्याच राज्याच्या संहितेत होता. न्यायाधीश फ्रान्सिस स्प्रिंगर यांनी या नियमाचा आधार घेतला. पुरुषांना अधिकार दिला आहे एवढ्यावरून तो स्त्रियांना नाकारला आहे असे ठरत नाही, असे ते म्हणाले, आणि मॅन्सफील्ड या अमेरिकेतील सनद मिळालेल्या पहिल्या स्त्री ठरल्या.

त्याच वर्षी शेजारच्या इलिनॉय राज्यात मायरा ब्रॅडवेल यांचा अर्ज आला. ब्रॅडवेल या ‘शिकागो लीगल न्यूज’ या कायदेविषयक साप्ताहिकाच्या संस्थापक-संपादक होत्या. त्यांच्या पत्रात छापून येणारे कायदे व निकाल त्या राज्यातील वकील नित्य वाचीत असत. इलिनॉयच्या कायद्यात ‘पुरुष’ हा शब्दही नव्हता, ‘व्यक्ती’ असा शब्द होता. आणि पुल्लिंगी शब्दांत स्त्रियांचा समावेश मानावा हा नियम तेथेही होता. म्हणजे शब्दांच्या दृष्टीने त्यांची बाजू मॅन्सफील्ड यांच्यापेक्षा बळकट होती. तरीही राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने अर्ज फेटाळला. विवाहित स्त्रीला स्वतःच्या नावे करार करता येत नाही, मग ती अशिलाशी करार कशी करणार, हे पहिले कारण. विधिमंडळाच्या मनात स्त्री-वकील ही कल्पनाच नसणार, हे दुसरे. 1873 मध्ये संघाच्या सर्वोच्च न्यायालयानेही, वकिली करणे हा संघाच्या नागरिकत्वाचा हक्क नव्हे, असे सांगून हा निकाल कायम केला. मौज अशी की, हा निकाल लागण्यापूर्वीच, 1872 मध्ये, इलिनॉयच्या विधिमंडळाने व्यवसाय स्त्रियांना खुले करणारा कायदा केला होता. ब्रॅडवेल यांनी मात्र पुन्हा अर्ज केला नाही. 1890 मध्ये न्यायालयाने आपण होऊन त्यांना सनद दिली. त्यानंतर चार वर्षांनी त्या वारल्या.

विस्कॉन्सिनचे मुख्य न्यायाधीश एडवर्ड रायन यांनी 1876 मध्ये लाव्हिनिया गुडेल यांचा अर्ज नाकारताना तर या नियमालाच हात घातला. पुल्लिंगात स्त्रीलिंग येते हे सर्वत्र लागू केले तर राज्यघटनेतील ‘पुरुष मतदार’ या शब्दांतही स्त्रिया येतील, आणि मग थांबावयाचे कोठे, असा त्यांचा प्रश्न होता. तर्क म्हणून त्यात काही चूक नाही. नियम एकच, वाक्यरचना जवळजवळ एकच, आणि निकाल परस्परविरुद्ध. यावरून एवढेच निष्पन्न होते की, व्याकरणाचा नियम न्यायाधीशाला वाट दाखवीत नव्हता. त्याला ज्या वाटेने जावयाचे होते तिचे समर्थन तो नियमातून काढीत होता. विस्कॉन्सिनमध्येही शेवटी विधिमंडळालाच 1877 मध्ये कायदा करावा लागला.

येथे आपल्याकडील एका घटनेची आठवण होणे स्वाभाविक आहे. 1897 च्या जनरल क्लॉजेस ॲक्टमध्ये पुल्लिंगात स्त्रीलिंग अंतर्भूत समजावे हा नियम होताच. तरी 1916 मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने रेजिना गुहा यांना आणि 1921 मध्ये पाटणा उच्च न्यायालयाने सुधांशुबाला हाजरा यांना वकिलीची परवानगी नाकारली. 1923 च्या लीगल प्रॅक्टिशनर्स (विमेन) ॲक्टने हा प्रश्न मिटविला, आणि पुढे मिठन लाम या मुंबई उच्च न्यायालयात वकिली करणाऱ्या पहिल्या स्त्री झाल्या. मराठीत क्रियापद लिंगानुसार बदलते, इंग्रजीत बदलत नाही. कायद्याच्या भाषेत लिंगभेद कोठे लपून बसतो हे भाषेनुसार वेगळे असते. परंतु तो शोधून काढणाराची इच्छा दोन्हीकडे सारखीच काम करते.

कॅलिफोर्नियातील घटनाक्रम या सर्वांत बोधक आहे. तेथे क्लारा शॉर्ट्रिज फोल्ट्झ यांनी न्यायालयाशी वाद घालीत न बसता थेट कायद्याच्या मजकुरालाच हात घातला. ‘कोणताही गोरा पुरुष नागरिक’ या शब्दांऐवजी ‘कोणताही नागरिक किंवा व्यक्ती’ असे शब्द घालणारे विधेयक त्यांनी 1878 मध्ये मंजूर करवून घेतले आणि त्याच वर्षी स्वतः सनद मिळविली. पुढच्याच वर्षी राज्याची नवी घटना तयार झाली. फोल्ट्झ आणि त्यांच्या सहकारी लॉरा डी फोर्स गॉर्डन यांच्या प्रयत्नांनी तीत एक कलम आले : लिंगभेदाच्या कारणाने कोणासही कोणत्याही वैध व्यवसायास अपात्र ठरविता येणार नाही. (‘गोरा’ हा शब्दही 1878 मध्येच गेला होता. तरीही 1890 मध्ये हाँग येन चांग या चिनी वंशाच्या विद्वान वकिलाला, चिनी माणूस नागरिक होऊ शकत नाही या कारणास्तव, सनद नाकारण्यात आली. ती त्यांना 2015 मध्ये मरणोत्तर देण्यात आली.)

परंतु 1879 च्या त्याच घटनेत दुसरे एक कलम होते. राज्यातील सर्व शासकीय लेखन, तसेच कार्यकारी, विधिमंडळीय व न्यायालयीन कामकाज इंग्रजीखेरीज अन्य भाषेत होणार नाही, असे त्याने ठरविले. या कलमाचे महत्त्व कळण्यासाठी तीस वर्षे मागे जावे लागते. 1848 च्या ग्वादालूपे इदाल्गो येथील तहाने कॅलिफोर्निया मेक्सिकोकडून अमेरिकेकडे आला. 1849 मध्ये पहिली घटना तयार झाली तेव्हा परिषदेत स्पॅनिशभाषक प्रतिनिधी दुभाष्याच्या साहाय्याने बसले होते, आणि कायदे इंग्रजी व स्पॅनिश अशा दोन्ही भाषांत प्रसिद्ध करावेत असे त्या घटनेतच लिहिले होते. म्हणजे ज्यांच्या भाषेत त्या भूमीवर पिढ्यानुपिढ्या दावे चालले, त्यांची भाषा न्यायालयातून काढून टाकली गेली ती स्त्रियांसाठी दार उघडणाऱ्या त्याच दस्तऐवजाने. भाषाविषयक हे कलम 1966 पर्यंत टिकले.

येथे या दोन अडसरांतील फरक स्पष्ट होतो. स्पॅनिशभाषक माणसाने वकील होऊ नये असे 1879 च्या घटनेने कोठेही म्हटले नव्हते. त्याने फक्त दुसऱ्या भाषेत वकील व्हावयाचे होते. ज्या समाजाची मुले कनिष्ठ दर्जाच्या, बहुधा वेगळ्या ठेवलेल्या शाळांत जात होती, त्या समाजाच्या बाबतीत एवढे पुरेसे होते.

टेक्सासमध्ये प्रश्न भाषेइतकाच नामकरणाचा होता. 1954 च्या हर्नांडेस विरुद्ध टेक्सास या खटल्याचा उल्लेख ज्यूरीच्या हक्काचा खटला म्हणून होतो. परंतु तो वर्गनामांच्या अर्थाचाही खटला आहे. जॅक्सन परगण्यात मेक्सिकन वंशाचे लोक लोकसंख्येच्या 14 टक्के होते, आणि तरीही 25 वर्षांत बोलावलेल्या 6,000 हून अधिक ज्यूररांत मेक्सिकन नावाचा एकही माणूस नव्हता. राज्याचे म्हणणे असे की, कायद्याला गोरे व कृष्णवर्णीय हे दोनच वर्ग माहीत आहेत. मेक्सिकन हे गोरेच होत. आरोपी गोरा, ज्यूरी गोरी, मग भेदभाव झाला कोठे? गुस गार्सिया आणि कार्लोस कादेना यांनी या युक्तिवादाला सिद्धान्ताने उत्तर दिले नाही, पुराव्याने दिले. परगण्याच्या न्यायालयाच्या आवारातच पुरुषांसाठी दोन शौचगृहे होती. एकावर काहीच लिहिलेले नव्हते. दुसऱ्यावर ‘कृष्णवर्णीय पुरुष’ असे इंग्रजीत आणि त्याखाली ‘ओम्ब्रेस आकी’, म्हणजे ‘पुरुष येथे’, असे स्पॅनिशमध्ये लिहिले होते. राज्याच्या वकिलांच्या मते जो वर्ग अस्तित्वातच नव्हता, त्याला उद्देशून न्यायालयाच्या भिंतीने त्याच्या स्वतःच्या भाषेत सूचना दिली होती. ज्या न्यायालयात एरवी स्पॅनिशला स्थान नव्हते तेथे ती एवढ्यापुरती वापरात होती.

मुख्य न्यायाधीश अर्ल वॉरन यांनी 3 मे 1954 रोजी दिलेला निकाल एकमताचा होता. विशिष्ट समाजात कोणता गट वेगळा मानला जातो हा प्रश्न वस्तुस्थितीचा आहे, व्याख्येचा नव्हे, असा त्याचा आशय होता. संघाच्या सर्वोच्च न्यायालयापुढे युक्तिवाद करणारे गार्सिया व कादेना हे पहिले मेक्सिकन-अमेरिकन वकील. कादेना 1965 मध्ये सॅन अँटोनिओ येथील राज्य अपील न्यायालयाचे न्यायाधीश झाले आणि 1977 मध्ये त्याचे मुख्य न्यायाधीश. टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयात मात्र पहिले हिस्पॅनिक न्यायाधीश राउल गोन्सालेस 1984 मध्ये आले. (‘हिस्पॅनिक’ हे वर्गनामही तसे नवेच. 1930 च्या जनगणनेत ‘मेक्सिकन’ हा वंश म्हणून नोंदला गेला, पुढच्या गणनेत तो नाहीसा झाला, आणि सर्व लोकसंख्येला स्पॅनिश किंवा हिस्पॅनिक मूळ विचारण्याची पद्धत 1980 पासून सुरू झाली.)

वकील व न्यायाधीश यांच्याविषयी बोलताना आरोपीला विसरून चालत नाही, कारण त्या आसनावर कोण बसले आहे याची किंमत शेवटी तोच मोजतो. न्यूयॉर्क राज्यात नेग्रॉन नावाच्या पोर्तोरिकोच्या शेतमजुरावर खुनाचा खटला चालला. त्याला इंग्रजी येत नव्हते आणि त्याच्या वकिलाला स्पॅनिश येत नव्हते. फिर्यादी पक्षाने आणलेली दुभाषी स्पॅनिश साक्षी इंग्रजीत सांगत असे; इंग्रजी साक्षींचे सार मात्र आरोपीला केवळ मधल्या लहान विश्रांतीच्या वेळी, तेही थोडक्यात, ऐकावयास मिळाले. 1970 मध्ये संघीय अपील न्यायालयाने, असा खटला म्हणजे आरोपीच्या दृष्टीने निरर्थक ध्वनींचा गोंगाट होय, अशा आशयाचा निर्णय देऊन शिक्षा रद्द केली. 1974 मध्ये कॅलिफोर्नियाने इंग्रजी न समजणाऱ्या आरोपीला संपूर्ण खटलाभर दुभाष्याचा हक्क आपल्या घटनेतच दिला. पुढे 1984 मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने असे ठरविले की, आरोपीचा दुभाषी साक्षीदारासाठी उसना घेता येत नाही. कारण त्या अवधीत आरोपी आपल्याच वकिलाशी मुका होतो.

दुभाष्याने प्रश्न सुटतो असे मात्र नाही. अमेरिकन न्यायालयांतील स्पॅनिश दुभाष्यांचा सूक्ष्म अभ्यास सुसान बर्क-सेलिग्सन यांनी केला. त्यांचा ‘द बायलिंग्वल कोर्टरूम’ हा ग्रंथ 1990 मध्ये प्रसिद्ध झाला. साक्षीदार ‘सी, सेन्योर’ म्हणतो आणि दुभाषी नुसते ‘होय’ म्हणतो. आशय तोच, आदर गळालेला. त्यांनी नकली ज्यूररांवर केलेल्या प्रयोगांत असे दिसले की, भाषांतरात विनयाचे शब्द ठेवले तर तोच साक्षीदार अधिक विश्वासार्ह, अधिक बुद्धिमान वाटतो.

याहून चमत्कारिक परिस्थिती 1991 च्या हर्नांडेस विरुद्ध न्यूयॉर्क या खटल्यात निर्माण झाली. साक्षीदार स्पॅनिशमध्ये बोलणार होते; ज्यूरीने मात्र दुभाष्याचे इंग्रजीच साक्ष म्हणून धरावयाचे असते. सरकारी वकिलाने दोन द्विभाषिक उमेदवारांना वगळले. ते मूळ स्पॅनिश ऐकून दुभाष्यावर अवलंबून राहणार नाहीत, अशी त्याला शंका होती. संघाच्या सर्वोच्च न्यायालयाने हे कारण वंशनिरपेक्ष म्हणून मान्य केले. ही विसंगती कठोर आहे, एवढे मात्र न्यायमूर्ती केनेडी यांनी लिहून ठेवले. ज्याला इंग्रजी येत नाही तो ज्यूरीत नको आणि ज्याला इंग्रजीबरोबर स्पॅनिशही येते तोही नको, असे झाल्यावर त्या समाजातून ज्यूरीवर बसणार कोण, हा प्रश्न उरतोच.

न्यू मेक्सिकोने निराळी वाट धरली. 1910 मध्ये तयार झालेल्या त्याच्या घटनेत, इंग्रजी किंवा स्पॅनिश बोलता-लिहिता-वाचता न येण्याच्या कारणाने कोणाचा ज्यूरीवर बसण्याचा हक्क हिरावला जाणार नाही, असे कलम आहे. 2002 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्थ असा लावला की, अशा व्यक्तीला सामावून घेण्यासाठी न्यायालयाने वाजवी प्रयत्न केलेच पाहिजेत. तेथे दुभाषी ज्यूररबरोबर विचारविनिमयाच्या खोलीतही जातो. मत देत नाही, फक्त भाषांतर करतो. एका राज्यात जी गोष्ट अशक्य म्हणून टाळली जाते ती दुसऱ्या राज्यात नित्याची असू शकते, हे राज्य न्यायालयांच्या अभ्यासाचे एक मोठे फलित आहे.

आता न्यायासनाकडे वळू. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयावर निवडून आलेल्या पहिल्या स्त्री म्हणजे ओहायोच्या फ्लॉरेन्स ॲलन, 1922 साली. 1925 मध्ये टेक्सासमध्ये एक विलक्षण प्रसंग घडला. ‘वुडमेन ऑफ द वर्ल्ड’ या बंधुसंघाचा खटला सर्वोच्च न्यायालयापुढे आला. सर्व न्यायाधीश त्या संघाचे सभासद असल्याने अपात्र ठरले. संघात स्त्रियांना प्रवेश नव्हता. म्हणून गव्हर्नर पॅट नेफ यांनी हॉर्टेन्स वॉर्ड, रूथ ब्रॅझिल व हॅटी हेनेनबर्ग या तीन स्त्रियांचे विशेष न्यायालय नेमले. बंधुसंघाचे दार बंद होते म्हणून न्यायालयाचे उघडले, असा हा योग. त्याच टेक्सासमध्ये स्त्रियांना ज्यूरीवर बसण्याचा अधिकार 1954 पर्यंत नव्हता.

1965 मध्ये ॲरिझोनाच्या लोर्ना लॉकवुड या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाच्या पहिल्या स्त्री मुख्य न्यायाधीश झाल्या. कॅलिफोर्नियात हा मान 1977 मध्ये रोझ बर्ड यांना मिळाला, आणि 1982 मध्ये त्याच पीठावर क्रूझ रेनोसो हे पहिले लॅटिनो न्यायाधीश आले. रेनोसो हे पूर्वी ग्रामीण मजुरांना कायदेशीर साहाय्य देणाऱ्या संस्थेचे संचालक होते. परंतु तेथे न्यायाधीशांना ठरावीक काळाने मतदारांचा कौल घ्यावा लागतो. नोव्हेंबर 1986 मध्ये बर्ड, रेनोसो व जोसेफ ग्रोडिन हे तिघेही एकाच दिवशी पराभूत झाले. प्रचाराचा रोख देहान्तशिक्षेवर होता. तो पराभव केवळ लिंग-वंशाच्या खाती टाकणे अन्यायाचे होईल. 1987 मध्ये जॉन आर्ग्वेयेस यांची नेमणूक झाली हेही विसरता कामा नये. तरी मुख्य न्यायाधीशपदावर पुन्हा स्त्री आली ती 2011 मध्ये.

न्यायालयात प्रवेश मिळाल्यावर बोलण्याचा प्रश्न सुरू होतो. 1982 मध्ये न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने न्यायालयांतील स्त्रियांच्या स्थितीची चौकशी करणारी देशातील पहिली समिती नेमली. तिच्या व न्यूयॉर्कच्या समितीच्या अहवालांत संबोधनांविषयीची तक्रार ठळकपणे आढळते : पुरुष वकिलाला आडनावाने व मानाने, स्त्री-वकिलाला पहिल्या नावाने किंवा ‘डिअर’ म्हणून हाक मारली जाई. त्यापूर्वी विल्यम ओबार व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1974 मध्ये उत्तर कॅरोलिनातील एका राज्य न्यायालयात 150 तासांहून अधिक कामकाज ध्वनिमुद्रित केले होते. रॉबिन लेकॉफ यांनी ‘स्त्रियांची भाषा’ म्हणून सांगितलेली लक्षणे, म्हणजे अडखळणे, ‘कदाचित’, ‘मला वाटते’ यांची पेरणी, अतिविनय, ही त्यांना सर्व स्त्रियांत सापडली नाहीत; ती सामाजिक सत्ता नसलेल्या पुरुषांतही सापडली. तज्ज्ञ म्हणून साक्ष देणाऱ्या स्त्रियांच्या बोलण्यात ती जवळजवळ नव्हती. म्हणून ओबार व बोमन ॲटकिन्स यांनी तिला ‘सत्ताहीनांची भाषा’ म्हटले. हा शोध महत्त्वाचा आहे, कारण त्याने प्रश्न स्त्रीच्या स्वभावावरून उचलून न्यायालयाच्या रचनेवर नेऊन ठेवला. ज्या न्यायालयात सत्तेच्या आसनावर स्त्री बसते तेथे ही लक्षणे कोणाच्या बोलण्यात वाढतात व कोणाच्या कमी होतात, हे मात्र प्रत्येक ठिकाणी ध्वनिमुद्रण करूनच पाहावे लागेल.

दोन्ही अडसर ओलांडणाऱ्या स्त्रियांच्या तारखा पुरेशा बोलक्या आहेत. न्यूयॉर्कच्या सर्वोच्च अपील न्यायालयात कार्मेन बोशाँप सिपारिक 1993 मध्ये आल्या. न्यू मेक्सिकोत पेट्रा हिमेनेस माएस 1998 मध्ये आल्या व 2003 मध्ये मुख्य न्यायाधीश झाल्या. टेक्सासमध्ये एव्हा गुस्मान 2009 मध्ये, कोलोरॅडोत मोनिका मार्केस 2010 मध्ये आल्या. कॅलिफोर्नियात, जेथे 1849 मध्ये कायदे दोन भाषांत छापले जात होते, पॅट्रिशिया गेरेरो 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयात आल्या आणि जानेवारी 2023 मध्ये मुख्य न्यायाधीश झाल्या. फोल्ट्झ यांच्या सनदेपासून ही नेमणूक 144 वर्षांनी आली.

न्यायाधीशाला साक्षीदाराची भाषा येत असली तरी एक मर्यादा राहतेच. खटल्याचा लघुलेखक सामान्यतः दुभाष्याचे इंग्रजी तेवढे टिपून घेतो. साक्षीदाराचे मूळ स्पॅनिश शब्द नोंदीत येत नाहीत. प्रकरण अपिलात गेले म्हणजे वरच्या न्यायालयातील स्पॅनिश जाणणाऱ्या न्यायाधीशापुढेही ते इंग्रजी कागदच येतात. ‘सी, सेन्योर’ मधला ‘सेन्योर’ गळला होता की नव्हता, हे तिला त्या कागदांवरून कळण्याचा मार्ग नसतो.